आमच्या घरी दावं नव्हतं

मार्गशीर्ष वद्य तृतीया, १९५६. भात कांडून झाल्यावर मी ओसरीत अंबाडीची दावी वळायला बसले. शेतकऱ्याच्या घरी बाईने दावी वळावीत यात सांगण्यासारखं काही नाही; पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरात गुरं बांधायचं दावं शिरलेलंच नव्हतं. माझ्या भासऱ्यांएवढा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाएवढा, दाव्याचा वैरी मोहर्लीपासून चांद्यापर्यंत दुसरा झाला नसेल. मोळी ते रानवेलीने बांधत. विहिरीचा दोर तेवढा नाइलाजाने चालवून घेत, आणि तोही पाणी काढून झालं की जनावरांच्या नजरेला पडू नये म्हणून वळचणीला खोचून ठेवत. "बांधलेलं जनावर वाघाचं, मोकळं जनावर सोताचं," हे त्यांचं सांगणं. आमचं मोकळं जनावर वाघाने कधी नेलं नाही असं नाही. एकदा गोऱ्हा नेला, तेव्हा म्हणाले, "नेला तं नेला. पन तो सोताच्या मर्जीनं उभा होता तिथी."

आमच्या कोंबड्या मोहाच्या झाडावर झोपत आणि शेळ्या घराच्या छपरावर फिरत, त्यामुळे कौलं दरवर्षी मला शाकारावी लागत. एक कोंबडी भासऱ्यांच्या खाटेवर अंडी उबवायला बसली, तर पिल्लं निघेपर्यंत ते भुईवर निजले, आणि रात्री खोकला आला तर बाहेर जाऊन खोकत. दूध काढायचं ते पारडू पिऊन उरेल तेवढंच. पुष्कळदा उरतच नसे. लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक रस्त्याने जाऊ लागला, तेव्हापासून रस्त्याकडेचं गवत त्यांनी बंद केलं. धूर खाल्लेलं गवत म्हशीने का खावं, असा त्यांचा सवाल होता. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल नवी वेसण, नवा कासरा घालून येत. आमचे नुसतेच आले आणि त्यांनी तोरणाची आंब्याची पानं खाऊन टाकली. पाटील ओरडले, "दोर नाई तं बैल आनले कसे, भाऊ?"

"इचारलं त्याइले, येता का म्हनून," भासरे म्हणाले. "आले."

आता भासऱ्यांशी सुनेने बोलायचं नाही, त्यांच्यापुढे डोक्यावरून पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. नवरा होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जात. तो गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो आणि मधलं माणूस राहिलं नाही. मग ते काम भुरी म्हशीकडे आलं. भुरी रोज पेजेसाठी चुलीपाशी येऊन उभी राहायची. मी म्हणायची, "भुरे, सांग, मीठ संपलं." अंगणातून आवाज यायचा, "भुरे, सांग बाईले, उद्या बजारातून आनतो." असा आमचा संसाराचा सगळा कारभार त्या म्हशीच्या कानांवरून गेला. एकदा कोणाच्या तुरीत शिरली म्हणून तिला कोंडवाड्यात घातलं, तर भासरेही आत जाऊन तिच्याशेजारी बसले. मी भात घेऊन गेले आणि कुडाबाहेरून म्हटलं, "भुरे, सांग, निवायच्या आत जेवून घ्या." शेवटी पाटील हात जोडून म्हणाले, "म्हशीले सोडतो भाऊ, पन पयले तुमी भाईर निंगा!"

मी दावी वळायला बसले त्याच साली राजुऱ्याकडच्या गुरांच्या बाजारातून बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, आली. ढोरांचे डॉक्टर टोचायला आले. गावाने गुरं चावडीपुढे बांधली. भासऱ्यांचं सुईशी भांडण नव्हतं. "टोचा ना! पन बांधून नाई."

"मोकळ्या म्हशीवर वाघ झेप घेतो, मी घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "माझी पोरं लहान आहेत."

त्या दिवशी मी भुरीला बरंच काही सांगितलं. उत्तर आलं, "भुरे, सांग बाईले, आपली जनावरं रानात रायतात. गावचा रोग त्याइले कुठी भेटते?" भेटला तो पाण्यावर. रान मोकळं असलं तरी पाऊस ओढल्याने पाणी एकाच तळ्यात उरलं होतं, आणि गावची गुरंही तिथेच पीत होती. बैलजोडी गेली. मग भुरीचे डोळे गळू लागले, तोंड आतून सोललं, रवंथ थांबला. उरलेल्या जनावरांना भासऱ्यांनी तिच्यापासून दूर रानात हाकलून दिलं. तेवढं मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं. डॉक्टरांनी कोतवालाबरोबर निरोप पाठवला, "ज्यांना अजून ताप नाही त्यांना टोचतो. उद्या सकाळी येईन, एकदाच. पण बांधलेली पाहिजेत." म्हणून मी दावी वळत होते. भासऱ्यांनी येता-जाता ती पाहिली. मी कितीही दावी वळली तरी जनावरं रानातून येणार होती ती त्यांच्याच हाकेवर, आणि ती हाक त्यांनी आजवर बांधण्यासाठी कधी घातली नव्हती.

दिवस मावळायच्या सुमाराला मोहाखाली भुरी गेली. भासरे तिच्या डोक्याशी बसून होते. उद्याचं बोलणं तर आजच व्हायला हवं होतं. शेळीमार्फत सांगावं असंही क्षणभर मनात आलं; पण ती छपरावर होती, आणि शेळीच्या जातीवर भासऱ्यांचा भरवसा नव्हता. मी पदर पुढे ओढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "दादा, सकाळी हाक घाला. बांधायचं मी पाहीन. नाही तर उरलेलीही जातील."

ते दचकले. मान वर केली नाही. भुरीच्या शिंगावरून हात फिरवला. मग तिलाच म्हणाले, "भुरे, सांग बाईले, दावं मऊ वळजो म्हना. मानंले काचते."

मी घरात जाऊन वळलेली दावी उकलली, अंबाडी पुन्हा भिजवून कुटली आणि नव्याने वळली.

सकाळी उजाडताच त्यांनी बांधावर उभं राहून हाक घातली. आवाज नेहमीचाच होता. म्हशी आल्या, कालवड आली, मागून पारडूही आलं. कोणी बिचकलं नाही. मी एकेकीच्या गळ्यात दावं घातलं. भासरे मोहाकडे तोंड करून उभे राहिले ते डॉक्टर टोचून जाईपर्यंत. नंतर कोतवाल दोन गडी घेऊन भुरीला पुरायच्या खड्ड्याकडे ओढून न्यायला आला आणि दोर मागू लागला. एक दावं उरलं होतं. तिच्या मागच्या पायांना ते मीच बांधलं. मेलेल्या जनावराला काचत नाही, हे मला कळत होतं. तरी गाठीखाली जुन्या लुगड्याची चिंधी घातली, आणि मग गड्यांना ओढा म्हणून सांगितलं.