अक्काची वटवाघळं

"होल्ड करा," असं म्हणून अक्का पंजा वर करायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची, त्यामुळे घरीही सगळ्यांना होल्डवरच ठेवायची. भाजीवाल्याला, भावजयीला, आरतीला उतावळ्या झालेल्या भटजींनासुद्धा. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. आधी त्यांचं हसू येतं, मग सवय होते.

बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या बाजूला, आमची कौलारू घरं शेजारी शेजारी होती. अक्का, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या अशी चौघं तिथे राहत. अक्काचं लग्न झालं नव्हतं. ती त्याच घरात जन्मली होती, पण भावजय तिच्यासमोर "आमच्या घरात" असंच म्हणायची.

अक्का पोटमाळ्यावर झोपायची. तिथे भिंत आणि कौलं यांच्यातल्या फटीत लहान वटवाघळं राहत होती. एकदा दिवेलागणीला त्यातलं एक खालच्या खोलीत शिरलं. भावजय पलंगाखाली, भावाच्या हातात केरसुणी. अक्का शांतपणे म्हणाली, "होल्ड कर. त्याला वाट दिसू दे." तिने दिवे मालवले, खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना ओटीवर काढून दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने वटवाघूळ आपलं आपण गेलं.

दुसरं एक आमच्या अंगणात पडलेलं सापडलं. मी वाकले तशी अक्का ओरडली, "हात नको लावू गं. चावलं तर पोटात सुया घ्याव्या लागतील." तिने जाड टॉवेल हाताला गुंडाळून ते बुटांच्या खोक्यात घेतलं आणि संध्याकाळी आंब्याच्या खोडाला उंचावर टेकवलं. "जमिनीवरून त्यांना उडता येत नाही," ती म्हणाली. माळ्यावरच्या लेंड्यासुद्धा ती तोंडाला फडकं बांधून, आधी पाणी शिंपडून काढायची. वटवाघळं तिची लाडकी वगैरे नव्हती. ती तिथे आहेत, एवढंच तिचं म्हणणं.

मग पुतण्याचं लग्न ठरलं. पोटमाळा नव्या जोडप्याला हवा होता. अक्काने खालच्या पॅसेजमध्ये गादी टाकायला लगेच होकार दिला. वटवाघळांबद्दल मात्र तिने भावाला समोर बसवलं.

"आत्ता फट बुजवू नको. पिल्लं आहेत. ती उडायला लागली की फटीवर वरून जाळी सोडू, खालून मोकळी. दिवेलागणीला सगळी बाहेर पडतात, परत आत शिरता येत नाही. मग बुजव खुशाल."

"बरं, थांबतो," भाऊ म्हणाला. मी तिथेच चहा पीत होते.

पुढच्या रविवारी अक्का ड्युटीवर होती. अंधार पडता पडता भावाने गवंडी बोलावला आणि फट सिमेंटने बंद केली. अक्का आली तेव्हा वटवाघळं वळचणीला धडका देत होती. आतून बारीक चिरचिर ऐकू येत होती.

"सगळी बाहेर गेल्यावरच बुजवली ना," भाऊ म्हणाला. "तुझ्याच पद्धतीने."

"पिल्लं उडत नाहीत रे."

"अक्का, लग्न तोंडावर आलंय. आता पुन्हा फोडाफोडी नको."

ती हातोडी घेऊन आली तर त्याने शिडी आत नेऊन कुलूप घातलं. माझे वडील आमची शिडी घेऊन गेले. त्याने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, "आमच्या घरातलं आम्ही बघू." अक्का अंगणात उभी राहिली. रडली नाही, भांडलीही नाही.

चिरचिर थांबली. मग वास सुटला. हळदीच्या दिवशी पाहुण्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. शेवटी भाऊच तिच्याकडे आला, "तुला यातलं कळतं. काहीतरी कर."

तिने केलं. आता शिडी मिळाली. वर जाऊन कौलं काढली, हाताला टॉवेल, तोंडाला फडकं. मेलेली पिल्लं बादलीत भरून खाली आणली, आंब्याखाली खड्डा करून पुरली, माळा फिनाईलने धुतला. मग आंघोळ करून पंगतीत वाढायला आली. मला श्रीखंड वाढताना तिच्या बोटांना फिनाईलचा वास होता. मी तिच्याकडे बघितलं. तिने पुढच्या ताटाकडे बघितलं.

पावसाळा संपायच्या आत भावजयीने सुचवलं, "पॅसेजमध्ये तुम्ही झोपता, नव्या सुनेला अवघडल्यासारखं होतं." भाऊ शेजारीच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. अक्काने रत्नागिरीला बदली मागून घेतली. रिक्षात ट्रंक चढवायला माझे वडील गेले. काही वर्षांनी ती तिकडेच वारली.

भाऊ आता ही गोष्ट पाहुण्यांना सांगतो. आमची अक्का वटवाघळांपायी कशी वेडी होती, शिडीसाठी कसा हट्ट धरला होता. सांगतो चांगलं, लोक हसतात. त्यात पिल्लं नसतात, वास नसतो. आणि शेवटी अक्का स्वतःहून निघून जाते.