खांबाआडची अर्धी नमाज

माझे अक्षर वेडेवाकडे आहे, लिहिण्यात चुकाही फार होतील. चौथीपर्यंतच शाळा झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

हे गेले, त्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. त्या दुपारी अबुधाबीतल्या कंपनीच्या दवाखान्यातून ड्रायव्हर आला आणि दारात खाली बघत म्हणाला, "भाभी, चलो." मी समजले...

हे त्याच कंपनीच्या इंग्रज साहेबाचे खानसामा, मी त्याच्या मुलीची आया. दोन वर्षांपूर्वी साहेब रजेवर स्पेनला गेला, तेव्हा आम्हा दोघांनाही नेले. तिथे एक फार जुनी मशीद आहे, तिचे पुढे मोठे चर्च झाले. रत्नागिरीला मदरशात यांनी लहानपणी तिच्याबद्दल ऐकलेले. तिथे नमाजाच्या दोन रकात पढायच्या, एवढीच यांची इच्छा. साहेबाने आधीच बजावले, "आत नमाजाला मनाई आहे. गडबड केलीत तर पुढच्या बोटीने मुंबईला." गावी सासू आणि दोन लेकरे आमच्याच पगारावर होती.

साहेब-मेमसाहेब मुलीला घेऊन पुढे गेले. आम्ही मशिदीच्या सवयीने दारात चपला काढल्या आणि हातात धरून आत शिरलो. तिथेच चुकले. बाकी सगळे बुटांत. पहारेकरी आमच्या अनवाणी पायांकडे बघत मागे चालू लागला. खांबांमागे खांब होते, वर लाल-पांढऱ्या कमानी... माझे कान त्याच्या बुटांकडे.

"चला ना बाहेर," मी म्हणाले.

"थांब गो. आजाऱ्यासारखी पढतो, नुसत्या इशाऱ्याने. कोणाला कळायचे नाही."

हे खांबाआड उभे राहिले. ओठ हलू लागले, मान किंचित झुकली. पहारेकरी तिकडेच वळला. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. शब्द फुटेना, म्हणून त्याच्या वाटेत मटकन खाली बसले आणि डोळे मिटले.

तो थांबला. पण हेही नमाज मोडून धावत आले. "हसीना, काय झाले गो?"

बाहेर आल्यावर सांगितले, सोंग होते. यांनी आधी चपला पायात घातल्या. मग म्हणाले, "सोंग तरी सांगून करायचेस, बाय."

ती बोच माझ्या मनात राहिली. शेवटच्या आजारात विचारलेच, "तुमची इच्छा मी मोडली ना?"

"कसली नमाज," हे म्हणाले. "उभा होतो नुसता. तो बूटवाला तुझ्यापर्यंत पोचतो का, तेच बघत होतो."

घरी आम्ही एकत्र पढायचो, हे पुढे, मी एक पाऊल मागे. आता एकटीच पढते. तरी जानमाजची चटई मागेच अंथरते... पुढे यांच्यापुरती जागा सोडून.