बूट मोजणाऱ्या बाई

सहाच्या बाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या खोलीबाहेरच्या मांडणीसमोर उकिडवं बसून बूट मोजत होत्या. आमची प्राथमिक शाळा अडीचला सुटायची. ज्यांना तेव्हा न्यायला कोणी नसे ती मुलं तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत सहापर्यंत थांबत, आणि त्यांना सांभाळायला या एकट्या. म्हणून त्या सहाच्या बाई. मी तिसरीचा वर्ग घ्यायचो आणि अडीचच्या घंटेला पिशवी उचलायचो, त्यामुळे कितीतरी वर्षं त्या मला नुसत्या जाता-येता दिसल्या. त्या दिवशी छत्री विसरली म्हणून परत फिरलो होतो.

“शहात्तर,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मुलं सोडून बूट का मोजता, असं मी विचारलं.

“मुलं हलतात, सर. बूट हलत नाहीत.”

अडतीस मुलं, एक खोली, खोलीला एक खिडकी. सतरंज्यांची चळत एका कोपऱ्यात, खेळण्यांची पेटी दुसऱ्या. पेटीतल्या चेंडूत हवा नसायची आणि कोड्यांचे तुकडे अपुरे असायचे. पहिलीतलं पोर रडत असे तेव्हा चौथीतल्या दोघांची जुंपलेली असे. एकाला स्वच्छतागृहात न्यावं तर मागे सदतीस राहत. बाईंच्या नाकी नऊ येत, पण आवाज कधी चढत नसे. “आवाज पुरवून वापरावा लागतो,” म्हणायच्या. “सहापर्यंत टिकायला हवा ना.” त्यांचे यजमान बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते. पाठ गेली तसे घरी बसले. घर आता बाईंच्याच पगारावर चालायचं.

पालकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. अभ्यास होत नाही. डबा भरलेला तसाच परत येतो. गुडघे कसे फुटले ते कोणाला सांगता येत नाही. एक दिवस बावीस पालकांच्या सह्यांचं पत्र आलं. ते घेऊन दुसरीतल्या एका मुलीची आई मुख्याध्यापिकांना भेटायला आली. ही आई स्वतः एकेकाळी माझ्याच वर्गात होती; आता रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागलेली. आठ तास उभं राहून आल्याचं तिच्या टाचांकडे पाहून कळत होतं. बाईंना बोलावलं होतं, आणि तिचा जुना शिक्षक म्हणून मलाही. पाच वाजता आम्ही बसलो. तेवढा वेळ बाईंच्या जागी, खोलीत, कार्यालयातले कारकून बसले.

पत्राची शेवटची ओळ होती, बाईंना बदलून कोणी प्रशिक्षित माणूस नेमावं. मुख्याध्यापिकांनी ती दोनदा वाचली. एवढ्या सह्या आल्यावर वर काहीतरी कळवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. कळवणं म्हणजे काय ते बाईंना समजलं. त्यांनी हातातला जुना रुमाल घट्ट धरला.

“माझी मुलगी तीन तास नुसती भिंत बघत बसते, बाई,” आई म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. तेवढं त्राणच नव्हतं.

“भिंतीपाशी जागा कुठे असते,” बाई म्हणाल्या. “पण बाकी सगळं खरं आहे.”

मी एक शब्द बोललो नाही. अडीचला निघणाऱ्याने काय बोलायचं, असं तेव्हा वाटलं. आज ते निमित्त वाटतं.

सहा वाजून गेल्यावर आम्ही खोलीकडे गेलो तर दाराला कुलूप. सगळी मुलं गेली, कारकून म्हणाले, आणि पुरावा म्हणून त्यांनी वही उघडली. मूल नेताना पालकांनी सही करायची ती वही. अडतीस नावांपुढे अडतीस सह्या होत्या. मुलीला त्याने नेलंय का विचारायला आईने नवऱ्याला फोन लावला. तो अजून कामावरच होता. “हेच सांगत होते मी,” ती बाईंना म्हणाली. “हेच तर सांगत होते.”

बाई वहीकडे बघतच नव्हत्या. मांडणीच्या सगळ्यांत खालच्या फळीवर एक जोड उरला होता, डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

“बूट आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पोर आत आहे. किल्ली द्या.”

मुलगी सतरंज्यांच्या चळतीमागे गाढ झोपली होती. आईने तिला उचललं तरी जागी झाली नाही.

मग वहीचा प्रश्न आला. मुख्याध्यापिकांनी त्या नावापुढे बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. मुलीला खांद्यावर घेतलेली आईच बोलली.

“सही माझीच आहे. सकाळी सोडतानाच करते. संध्याकाळी रांग लागते, आणि सहा दहाची बस चुकली की पुढची सातला.” मग म्हणाली, “बरेच जण करतात.”

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “मी चालू दिलं. माझा भरवसा वहीवर नव्हताच कधी.”

बसायला खुर्ची नव्हती. आईने मुलीला सतरंजीवर निजवलं, पत्र मागून घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून शेवटची ओळ खोडली. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या, आणि वर ‘माणूस आणखी एक हवं’ असं लिहिलं. त्या दिवशी तिला सातचीच बस मिळाली.

आणखी एक माणूस आठ महिन्यांनी मिळालं, तेही आठवड्यातून दोन दिवस. सही संध्याकाळीच करायची अशी पाटी लागली. महिनाभर सगळ्यांनी पाळली, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बाई त्याच खोलीत आहेत. मुलं आता एकावन्न. गुडघे वाकत नाहीत म्हणून मांडणीसमोर एक बुटकं स्टूल ठेवलंय. रोज साडेपाचला त्यावर बसून त्या उरलेले बूट मोजतात.