साडेदहाची पाहणी

चौथी सायकल ट्रॅक सोडून रस्त्यावर आली तेव्हा मी व्हिडिओ थांबवला.

"परत गेटसमोरच," मी म्हणाले.

"सायकलवाले असतातच असे," मुरुगेसन सर म्हणाले. "ट्रॅक बांधून द्या, तरी बसच्या पुढ्यात जातील."

मुरुगेसन सर आमच्या कन्सल्टन्सीचे मालक. मी तिथे रोड सेफ्टी ऑडिटर आहे. म्हणजे नवा रस्ता लोकांसाठी खुला होण्याआधी त्यावर कोण, कुठे, कसा जखमी होऊ शकतो ते शोधायचं आणि लेखी द्यायचं. दक्षिण चेन्नईतल्या एका वस्तीत सायकल ट्रॅक तयार झाला होता. तो दिवस गुरुवारचा. सोमवारपासून जवळच्या शाळेची मुलं त्यावरून रांगेने जाणार होती. पालकांना पत्रं गेली होती. माझी सही तेवढी बाकी होती.

ट्रॅकची रचना साधी. तिथे फुटपाथ नाही, घरांची गेटं थेट रस्त्यावर उघडतात. गेटांना लागून दोन मीटरची लाल पट्टी, मग वाकणारे प्लास्टिकचे खांब, त्यांच्या पलीकडे बसचा रस्ता. रहिवाशांना गाडी आत घेता यावी म्हणून प्रत्येक गेटसमोर खांबांमध्ये मोकळी जागा. सायकली नेमक्या त्या मोकळ्या जागेतून बाहेर पडत आणि पुढे पुन्हा आत शिरत. तिथल्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत सकाळी सात ते आठ हा प्रकार दिसायचा. दहानंतर एकही सायकल बाहेर नाही.

मी तिथे तीनदा जाऊन आले होते. खड्डा नाही, उघडं गटार नाही, केबल नाही. व्हिडिओत गेटांसमोर पांढरट डाग दिसत होते. सरांच्या मते ती लेन्सवरची धूळ होती.

"वत्सला, सोमवारी मुलं येणार आहेत. क्लायंट दिवसातून चार फोन करतोय."

"मुलं येणार आहेत म्हणूनच थांबतेय. रांगेतलं पहिलं मूल जिथे वळतं, तिथे मागची सगळी वळतात."

त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही. डोळे मिटले की रांग दिसायची.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला मी तिथे पोचले आणि ट्रॅकवरून चालत निघाले. नजर जमिनीवर, हातात क्लिपबोर्ड. पाच-सहा गेटं गेली असतील. कानाजवळ मोटारसायकलचा हॉर्न वाजला आणि चालवणारा ओरडला, "अम्मा, बघून चाला की!"

मी रस्त्यावर होते. खांबांच्या बाहेर. ट्रॅक सोडल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं.

मागे वळून पाहिलं. गेटसमोर लाल पट्टीभर ताजं कोलम होतं. कोलम म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची, ठिपक्यांची रांगोळी. मार्गळी महिना चालू होता, डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा. या दिवसांत पहाटे दारासमोर मोठ्यात मोठं कोलम काढायची चढाओढ असते. आमचा ट्रॅक गुळगुळीत, लाल, रोज झाडलेला. याहून चांगली जागा त्या बायकांना कुठे मिळणार? ताज्या कोलमवर इथे कोणी पाय देत नाही, चाकही घालत नाही. त्यासाठी विचार करावा लागत नाही, पाय आपसूक वळतात. ऊन चढलं की घरांच्या गाड्या आत-बाहेर होतात आणि दहापर्यंत ते पुसून जातं. आणि मी तिन्ही वेळा साडेदहाला आले होते. तेही मार्गळी लागण्याआधी.

एवढं डोक्यात जुळतंय तोवर समोरून एक बाई सायकलवर आली. मागे तिची सात-आठ वर्षांची मुलगी, स्वतःच्या छोट्या सायकलवर. आईने कोलम पाहून हँडल वळवलं, बाहेर पडली, पुढे आत शिरली. मुलगीही बाहेर पडली. पण तिला तेवढा वेग नव्हता. मागून सिटी बस येत होती.

मी ओरडले. बसच्या ब्रेकचा आवाज माझ्या ओरडण्यापेक्षा मोठा होता. बस थांबली तेव्हा मुलगी एक पाय टेकवून उभी होती. तिच्यात आणि बसमध्ये माझ्या क्लिपबोर्डाएवढं अंतर असेल. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता.

आईने आधी मुलीला पोटाशी धरलं, मग रागावली, "ट्रॅक सोडून कशाला आलीस?"

"तूच आलीस ना आधी!" मुलगी रडत म्हणाली.

"मी? मी कधी?"

आई खोटं बोलत नव्हती.

दहा वाजता ऑफिसात मीटिंग. क्लायंटचा इंजिनिअर म्हणाला, "सोपं आहे. ट्रॅकवर कोलम काढू नये अशी नोटीस लावू."

"मार्गळीत? आधी तुमच्या घरी सांगून बघा," मी म्हणाले.

त्याने चहाचा कप उचलला आणि विषय सोडला. खरा उपाय म्हणजे खांब रस्त्याच्या बाजूला अडीच फूट सरकवायचे आणि घरांकडची पट्टी कोलमसाठी मोकळी ठेवायची. पण ते सोमवारपर्यंत होणार नव्हतं. मी सही देणार नाही म्हटलं.

"उद्याचा दिवस घे, काही मार्ग निघतो का बघ," सर म्हणाले. "नाहीतर शाळेला फोन मी करतो, पण कारण तूच सांगायचं."

शनिवारी मी खडू आणि टेप घेऊन घरोघरी गेले. सगळ्यात मोठं कोलम राजी मामींचं होतं. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या; अशा बायकांना इथे मामीच म्हणतात. बस करकचून थांबलेली त्यांनी गेटातून पाहिली होती.

"मामी, गेटपासून तीन फुटांवर रेघ मारते. कोलम त्याच्या आत. उरलेल्या जागेतून मुलं जातील."

"तीन फुटांत काय मावतं? आणि पलीकडची पद्मा मोठं काढेल, मग लोक काय म्हणतील?"

"पद्मा मामींनाही तीनच फूट."

"तिने रेघ ओलांडली तर?"

"सोमवारी मी इथेच उभी असेन."

मामींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही कुठल्या?"

"तंजावरची मराठी. आता इथलीच."

"मग तुमच्या दारात कोलम किती फुटांचं?"

मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते. "स्टिकर आहे," मी म्हणाले. "चिकटवायचं. अकरा वर्षं झाली."

"तरीच," मामी म्हणाल्या आणि माझ्या हातातून खडू घेऊन रेघ स्वतःच मारली.

सही मी दिली, पण अटीवर: खांब सरकेपर्यंत रांगेच्या पुढे आणि मागे शिक्षक सायकलवर, आणि मोकळ्या जागांपाशी पालक उभे. सोमवारी सातला मी राजी मामींच्या गेटसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिले, रस्त्याकडे पाठ करून. प्रत्येक बस मागून गेली की मान आखडायची.

रांग आली. कोलमं रेघेच्या आत होती, एक सोडून. पद्मा मामींचा मोर आत होता, पिसारा बाहेर. पुढची शिक्षिका किंचित वळली. पहिला मुलगा वळला, मागची सगळी वळली. एकाचं हँडल खांबाला घासलं, खांब वाकून परत सरळ झाला. बाहेर कोणी पडलं नाही. शेवटून तिसरी ती छोट्या सायकलवाली होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती चाकापुढे बघत होती. तेच बरोबर होतं.

"पिसारा बाहेर आहे, दिसला ना?" राजी मामी गेटातून म्हणाल्या.

पोंगलनंतर खांब अडीच फूट सरकले. रस्त्याकडेची जागा गेली म्हणून तिथे गाड्या उभ्या करणाऱ्यांनी माझ्या नावाने तक्रारी केल्या. त्या अजून येतात.

मी आमच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली: पाहणी ज्या वेळी लोक रस्ता वापरतात त्याच वेळी, पायी करावी. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे काय लिहायचं असतं?"

लिहायचं असतं. तीनदा साडेदहाला मीच गेले होते.