उजवा भाग डाव्याप्रमाणेच

काटेवाली बाई कधी विणकामाच्या वाटेला गेली नव्हती. घरात एक विणणारी होती, तेवढी पुरे होती. ती थोरली बहीण. दोघींनी लग्नं केली नाहीत, दोन खोल्यांत जन्म काढला. थोरलीनं सुया चालवायच्या आणि तोंडही चालवायचं, धाकटीनं वजनकाट्यावर जाऊन पोट भरायचं, असा सरळ कारभार. धाकटीनं कधी लोकरीचा गुंडा नुसता उचलून ठेवला तरी थोरली म्हणायची, "ठेव तिथं. गाड्या मोजणारे हात तुझे. गुंता करशील."

वजनकाटा गावाबाहेर, भंगाराच्या वखारीला लागून होता. जमिनीत पुरलेला लांबरुंद लोखंडी पाट, त्यावर अख्खी ट्रक उभी राहायची. बाजूला पत्र्याची केबिन, केबिनीत लाल आकडे दाखवणारा डबा. भंगार भरून आलेली ट्रक आधी भरलेली मोजायची, वखारीत रिकामी झाली की परत मोजायची, दोन्हींतला फरक तो माल. इतकी वर्षं बाईनं हेच केलं. तिच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, बाई बापालाही अर्धा किलो सोडायची नाही.

थंडीच्या तोंडाला थोरली दुपारी खुर्चीत विणत बसली होती आणि एकदम छाती धरून वाकली. दवाखान्याच्या गाडीत घालताना तिनं धाकटीचा हात धरला. वाटलं, काहीतरी मायेचं बोलेल. ती म्हणाली, "स्वेटरला हात लावू नकोस. उजवा भाग राहिलाय. मी आल्यावर करते. तुला जमायचं नाही."

ती आलीच नाही. दवाखान्यात तिचं वजन केलं तेव्हा साठ भरलं होतं. धाकटीनं ते पाहिलं, कारण दुसरं काही पाहायची तिला सवय नव्हती.

पिशवी खुर्चीवर तशीच राहिली. वांगी रंगाची लोकर, पाठीचा भाग तयार, दोन्ही बाह्या तयार, पुढचा डावा भाग तयार. उजव्या भागाची खालची पट्टी तेवढी सुईवर होती. धाकटी रोज ती बघायची. माणूस गेल्याचं तिला एवढं लागलं नव्हतं, जेवढं ते 'तुला जमायचं नाही' लागलं होतं. शेवटी एक दिवस तिनं पिशवी उचलली आणि कामावर नेली.

पिशवीत नमुन्याचा कागद होता. तिनं गाड्यांच्या मधल्या वेळात तो वाचायला घेतला. मराठीच होतं सगळं, पण एक ओळ कळेल तर शपथ. 'एक टाका सुलट, एक उलट' इथवर ठीक. मग चांदणी काढलेली. चांदणीपासून चांदणीपर्यंत पुन्हा करावे. किती वेळा? 'ओळ संपेपर्यंत.' आणि ओळ मधेच संपली तर? कागद गप्प. त्याखाली लिहिलं होतं, 'उजवा भाग डाव्या भागाप्रमाणेच विणावा, मात्र काखेचे व गळ्याचे टाके उलट बाजूने कमी करावेत.'

संध्याकाळी ती लोकरीच्या दुकानात गेली. लोकरवाली थोरलीची मैत्रीण, जाड चष्म्याची, जिभेला हाड नसलेली.

"तू? विणणार?" लोकरवाली म्हणाली. "अगं, तुझ्या बहिणीनं वरून बघितलं तर खाली येईल."

"मग तूच विणून दे."

"विणलं असतं. पण हे बघ." तिनं सुई घेतली आणि दोन ओळी भराभरा घातल्या. पट्टीच्या वर तिचे टाके सैल, लोंबल्यासारखे दिसायला लागले. तिनं ओढून घट्ट केले, तर कापड गोळा झालं. तिनं त्या दोन्ही ओळी उसवल्या आणि सुई खाली ठेवली. "नाही बसत. हिचा हात दुसराच होता. घरातला हात लागेल याला." मग तिनं धाकटीला सुलट-उलट शिकवलं, चांदणीचा अर्थ सांगितला आणि चहा पाजून घालवलं. काखेचं ती म्हणाली, "तिथं पोचशील तेव्हा ये. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून घालू?"

दुसऱ्या दिवशी केबिनीत बाईनं पहिली ओळ विणली. टाके हातानं मोजत, ओठ हलवत. ओळ संपली तेव्हा तिनं वर बघितलं. बाहेर पाट रिकामा होता. धुकं होतं. डब्यावर आकडा होता, साठ.

तिनं शून्याचं बटण दाबलं. शून्य झालं. एक श्वास गेला. मग आकडा परत आला, साठ. कुणीतरी उतरावं आणि परत चढावं, तसा. तिनं बाहेर जाऊन पाटाखाली वाकून बघितलं, दगड नाही, कुत्रं नाही. पाट कोरडा होता, फक्त मधोमध ओलसर.

पहिली ट्रक आली, भरलेली. वजन झालं. तासाभरानं तीच रिकामी आली, वजन झालं. वखारीच्या काट्यावर पडताळा घेतला तर माल कमी, इथं साठ जास्त. आकडा दोन्ही वेळेला असता तर फरकात कटून गेला असता. पण भरलेल्या गाडीबरोबर ती पाटावर चढायची आणि रिकामी आली की बाजूला व्हायची. थोरलीला हिशेब चांगला येत होता.

आठवडाभर हेच. वखारीच्या मालकानं बाईला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वखार त्याची होती.

"ताई, ड्रायव्हर लोकांशी काही ठरलंय का तुमचं?"

"इतकी वर्षं ओळखता मला."

"म्हणून तर विचारतोय. दुसऱ्याला विचारलं नसतं, काढलं असतं."

मापं तपासणारा माणूस आला, वजनं ठेवून बघितली. काटा चोख. थोरली जन्मभर पाहुण्यांसमोर अशीच शहाणी असायची. त्या दिवशी बाई सुट्टीवर होती असंही नाही, खुर्चीतच होती, मांडीवर पिशवी घेऊन. मालकानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "यंत्र बरोबर आहे. मग चूक कुठं आहे ते तुम्हीच सांगा. महिनाअखेरपर्यंत बघतो मी. मग दुसरी बाई बघावी लागेल."

चोर म्हणून घालवणार, एवढंच त्यानं तोंडानं म्हटलं नव्हतं.

तिनं पिशवी घरी ठेवून बघितली. आकडा आलाच. लोकरवालीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. चष्मा पुसत बसली.

"हात लावू नको म्हणाली होती ना?"

"हो."

"मग लावलास. आता अर्ध्यावर सोडलंस तर ती तशीच मधे उभी राहील. पुरं करून टाक बाई. तिचं काम झालं की तिचं तोंड बंद व्हायचं, आठवतंय ना?"

बाई विणत राहिली. काखेपर्यंत आली. 'डाव्या भागाप्रमाणेच' असं कागद म्हणत होता, म्हणून तिनं डावा भाग शेजारी ठेवला आणि टाका न् टाका तसाच घातला. पुरा झाल्यावर दोन्ही समोरासमोर लावले. दोन डावे. एका माणसाला दोन डाव्या बाजू नसतात. तिनं लोकर ओढली. ओळी सरसर उसवत आल्या आणि पट्टीपाशी येऊन थांबल्या. आणखी ओढून बघितलं. थोरलीची ओळ उसवेना. गाठ नव्हती, काही नव्हतं. नुसती धरून ठेवली होती.

त्या दिवशी आकडा सत्तर झाला.

दुसऱ्यांदा तिनं डोकं चालवलं, आणि तिचं डोकं काट्याचं. भरून येणाऱ्या गाडीचं आधी भरलेलं वजन, मग रिकामं. भरून जाणाऱ्या गाडीचं आधी रिकामं, मग भरलेलं. उलट म्हणजे क्रम उलट, यात शंका कसली? तिनं कागद खालून वर वाचत नेला. गळा आधी, खांदा त्याच्या अगोदर. पट्टीवर लगेच टाके कमी करत गेली. तयार झालं ते घेऊन दुकानात गेली.

लोकरवालीनं ते उचललं, फिरवलं. "काय आहे हे? हत्तीच्या सोंडेला मोजा विणलास?"

"कागदात उलट लिहिलंय."

"बाजू उलट गं, कागद नाही! देवानं तुला डोळे दिले ते काय काट्यावर ठेवायला?"

"मग नीट सांग ना, कोणती बाजू!"

"आतली बाहेर, बाहेरची आत." लोकरवालीनं हातानं हवेत काहीतरी फिरवलं. तिला येत होतं, पण सांगता येत नव्हतं. जन्मभर विणलेल्यांचं असंच असतं. "मी करते तेव्हा हात आपोआप जातो बाई. डोक्यात नाही ते."

परत उसवलं. परत पट्टीपाशी थांबलं. आकडा ऐंशी. रात्री तिचे खांदे दुखायचे. महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. मालक सकाळी नमस्कार करायचा बंद झाला होता, आणि नवी बाई येऊन केबिन बघून गेली होती. जाताना तिनं खुर्ची हलवून बघितली, आपलीच असल्यासारखी.

त्या दिवशी धुकं हललंच नव्हतं. लाल टोपीवाला ड्रायव्हर भंगार घेऊन आला. जुना माणूस, तोंडाळ. वजन झालं, आकडा बघून त्यानं पाटावर उडी मारली.

"बाई, माझ्या गाडीत कुणाला बसवलंत? भाडं कोण देणार?"

"गाडी पुढं घे. मग बघ."

त्यानं गाडी उतरवली आणि परत चालत पाटावर आला. डब्यावर ऐंशी होतं, त्यात त्याची भर पडली. तो पाटाच्या मध्याकडं आला आणि थांबला. तोंड केबिनीकडं. हसू गेलं होतं.

"इथं गार लागतंय," तो म्हणाला.

"धुकं आहे."

"तसं गार नाही. दवाखान्यात लागतं तसं. ह्या हाताला." त्यानं हात बाजूला नेला, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तितक्या उंचीवर, आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "ह्या हाताला आहे कुणीतरी."

बाईनं आपल्या डाव्या अंगाला बघितलं, कारण त्यानं डावा हात उचलला होता. तिथं काही नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. तो तिच्यासमोर उभा होता. त्याचा डावा तिच्या उजवीकडं पडत होता. तिनं मान फिरवली. त्याच्या हाताशेजारी धुकं नव्हतं. माणसाच्या रुंदीची एक जागा अगदी स्वच्छ होती, पलीकडची वखारीची भिंत दिसत होती.

बाई भ्यायली. पण भीतीच्या आधी दुसरंच डोक्यात गेलं, आणि ते गेलं म्हणून ती पुढं जगली म्हणायची. डावा म्हणजे घालणाऱ्याचा डावा. ती कापड समोर धरून बघत होती, आतून बघतच नव्हती. डाव्या भागात काख ओळीच्या सुरुवातीला येते आणि गळा शेवटी. उजव्या भागात तेच उलटं, गळा सुरुवातीला, काख शेवटी. ओळी त्याच, टाके तेच, क्रमही तोच. फक्त कमी करायचं टोक दुसरं.

"उतर तिथनं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आणि चहा पी जा."

तो पळालाच.

तिनं सुया घेतल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी नसेल तेव्हा विणत राहिली. काख उतरली, गळा उतरला. टाके तिचे तिलाच ओळखू येईनात. पट्टी कुठं संपते आणि तिचं काम कुठं सुरू होतं ते बोट फिरवूनही सापडत नव्हतं. वाटलं, शाबासकी घ्यावी कुणाकडून तरी. मग नको वाटलं. टाके बंद केले, सगळे भाग जोडले, बटणं लावली. स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि डब्याकडं बघितलं.

ऐंशी.

"झालं की आता!" ती मोठ्यानं म्हणाली. "पुरं केलं ना? जमलं ना मला? मग?"

आकडा हलला नाही. तिनं कागद उचलला. इतक्या दिवसांत ती टाक्यांच्या ओळींपलीकडं बघतच नव्हती. शेवटची ओळ खाली बारीक अक्षरात होती. 'शिवून झाल्यावर अंगात घालून पाहावा.'

स्वेटर थोरलीच्या मापाचा होता. दोघींचं माप एकच, वजनही साठच. बाईनं तो मांडीवर घेतला. बाहेर भरलेली ट्रक येऊन थांबली, भोंगा वाजला. नवी बाई मालकासोबत वखारीच्या दारात उभी होती. काटेवाल्या बाईनं एक बाही घातली, मग दुसरी. लोकर गार होती, मग हळूहळू ऊब आली, पण ती आतून आली नाही, बाहेरून दाबत आली. डब्यावर ऐंशी, साठ, शून्य.

ट्रक पाटावर चढली. वजन झालं. रिकामी होऊन आली, परत झालं. वखारीत पडताळलं, किलोला किलो. दुसरी गाडी, तिसरी गाडी, तसंच. मालकानं स्वतः केबिनीत येऊन आकडे बघितले आणि खाली मान घातली.

"माझंच चुकलं ताई. त्या बाईला नाही म्हणून सांगतो."

"सांगा."

"खुर्ची देऊ का नवी? ही कुरकुरते."

"नको. सुटायची वेळ झाली." तिनं डबा पुसला, पिशवी घेतली. घरची वाट पाटावरनंच होती. ती पाटावर उतरली. मागं मालक केबिनीत अजून डब्यापाशीच उभा होता, चोख काटा बघून खूश झालेला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, जेवता काय हो तुम्ही? एकशे चाळीस दाखवतोय!"

बाई पाटाच्या मधोमध थांबली. तिनं गळ्यापर्यंत बटणं लावली.

"लोकर जड असते, मालक," ती म्हणाली, आणि सावकाश, पावलं मोजून टाकावीत तशी, घराकडं चालू लागली.