ऐकीव वजन

म्हातारीनं पदराच्या टोकानं माझ्या हातातला, बाळाला झोळीत टांगून वजन करायचा झोळीकाटा घेतला. म्हणाली, "तू ओसरीतच थांब, बाई. लेकराले आमीच मोजतो."

मी थांबले. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशा सेविका. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा. पण मी बौद्ध मोहल्ल्यातली. काही घरांतून आतूनच आकडे यायचे, मी ओसरीत बसून लिहायचे. जातीचं नाव कुणी काढत नसे. चहाही मिळायचा, कागदी कपात. वाद घातला तर काम जाईल, ही भीती. चार वर्षं अशीच लिहीत आले.

"अडीच किलो," आतून आवाज आला.

सहा दिवसांपूर्वी दवाखान्यात हे बाळ दोन किलो भरलं होतं. इतक्यात अर्धा किलो वाढत नसतं. म्हणजे बाळाला काट्यात कुणी ठेवलंच नव्हतं. आणि रडण्याचा आवाजही नव्हता.

"आजी, लेकरू दूध पेते का?"

"झोपलं हाये. तू लिव ना चुपचाप."

बाळ गेलं तर कागदावर सही माझी.

मी आत शिरले. बाळाला हात लावला. पोट थंड, पाय थंड, ओठ निळसर.

"बाटवलं लेकराले!" म्हातारी ओरडली. "पानी आना, आंघोळ घालतो याले!"

गार पडलेल्या बाळाला आंघोळ! ही बाई दुष्ट नव्हती. नातवासाठी रात्ररात्र जागली होती. तरी तिचा हात पाण्याकडेच गेला. असा हात एका माणसाचा नसतो, पिढ्यांचा असतो. आणि माझे ओसरीत थांबणारे पायही त्यातलेच.

दारात बाळाचा बाप आणि काका येऊन उभे राहिले. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. मी बाळाला छातीशी धरलं.

"आंघोळ घातली तं लेकरू मरून जाईन. मी देत नाही."

खाटेवरच्या बाळंतिणीनं पोलक्याची बटणं काढून हात पुढे केले. बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गोधडी टाकली, अॅम्ब्युलन्स बोलावली.

बाळ जगलं. माझ्याविरुद्ध तक्रार गेली: घरात जबरदस्तीनं शिरली. मी लेखी उत्तर दिलं. होय, शिरले. त्याआधी चार वर्षं ऐकीव वजनं लिहिली, गुन्हा तो होता.

त्या गल्लीत अजून जाते. बाळाला हात लावू दिला नाही, तर वजनाच्या रकान्यात आकडा लिहीत नाही. "जातीमुळे हात लावू दिला नाही" असं लिहिते, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचते आणि खाली सही करते.