मथुरा सकाळी बसायला शिकली

मथुराला मी पहिली दोन वर्षं पळतानाच पाहिलं. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. गिरणीतही दोघी एकाच वाइंडिंग खात्यात, शेजारशेजारच्या मशिनवर. तरी कामाला कधी बरोबर गेलो नाही. मी पहिल्या भोंग्याला घर सोडायची आणि ही शेवटचा भोंगा वाजता वाजता मागून धावत यायची. दातात फणी, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं अंबाडा वळत. "वच्छला, हो म्होरं, आलेच!" एवढंच आमचं बोलणं.

दुष्काळाच्या साली तिचा नवरा कुंडलिक जेऊरचं घर सोडून सोलापुरात आला आणि गिरणीत मागावर लागला. मागून मथुराही लागली. दोन लेकरं होती, आणि सांभाळायला सासू बजाबाई. बाई मोठी करारी. सूर्य उगवायच्या आत उंबरा सारवलेला पाहिजे, रांजण भरलेला पाहिजे आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात पडली पाहिजे. गावाकडं असंच चालायचं. पण गावाकडं भोंगा नव्हता, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

मथुरा अंधारात उठायची. नळावर घागरी, मग सारवण, मग चूल. कुंडलिकला गरम भाकरी, आत्यांना, म्हणजे सासूला, मऊ भाकरी, लेकरांना दूध-भाकरी. हिनं काय खाल्लं, ते कुणी विचारत नव्हतं आणि तीही सांगत नव्हती. तळाशी उरलेला गार चहा उभ्यानं घशात ओतायची आणि निघायची.

चैत्रातली गोष्ट. उन्हानं गिरणीचे पत्रे सकाळीच तापलेले. वाइंडिंगचं काम म्हणजे कांडीवरचं सूत मोठ्या कोनावर, शंकूसारख्या नळीवर, चढवायचं. धागा तुटला की गाठ मारायची आणि पुन्हा मशीन धरायची. मथुरा गाठ मारायला वाकली ती वर आलीच नाही. मशिनवरच कलंडली. पदर खोचलेला होता म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही. मी तिला कमरेला धरून मागं ओढलं. खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरनं मशीन बंद केली. आम्ही दोघीतिघींनी तिला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "सकाळी काय खाल्लंस?"

"च्या घेतला."

"आणि त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी काय असतंय बाई? पाणी भरलं."

बाईंनी गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत. घरातून निघायच्या आधी बसून खायचं. बसून, कळलं का?"

मथुरानं मान हलवली. वाटेत मला म्हणाली, "बसायचं कवा वच्छला? आणखी लवकर उटावं लागंल."

आणि ती खरंच आणखी लवकर उठू लागली. पण तिच्या उठण्यानं आत्या जाग्या व्हायच्या, मग लेकरं. मोकळा झालेला वेळ त्यांच्यातच जायचा. एकदा चुलीपुढं तिला पेंग आली आणि तव्याचा चटका मनगटाला बसला. हात कापडात बांधून ती कामावर आली, ते पाहून मी चिडले. म्हटलं, "झोप कमी करून सकाळ मोठी होत न्हाय मथुरा. काम कमी कर."

"कुटलं करू? तूच सांग."

सांगितलं ते सावित्रम्मानं. ती पलीकडच्या खोलीत राहायची. अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलायची. तिच्याकडं सकाळी चूल फक्त चहापुरती पेटायची, ते आम्ही रोज पाहत होतो, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. मथुराचं मनगट पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"अव्वा! रोज रोज कशाला बडवताय भाकरी? सुट्टीच्या दिवशी कडक भाकरी करून ठेवायची की! चार दिवस हात लावायचं काम नाही."

तिनं फडक्यात बांधलेली चळत दाखवली. पापडासारख्या पातळ, वर तीळ लावलेल्या, मोडल्या की कट्कन आवाज. सोलापुरात राहून मथुरानं कडक भाकरी खाल्ली नव्हती असं नाही, पण आपल्या घरात ती करायची, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सावित्रम्मा परात घेऊन तिच्याकडं बसली. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत ओल काढायची. मथुराला घाई. पहिल्या खेपेच्या भाकऱ्या बाहेरून करपल्या, आतून चामड्यासारख्या. कुंडलिकनं एक हातात घेऊन वाकवली आणि म्हणाला, "पायताणाला तळ लावायला झाल्या." आम्ही सगळ्या हसलो, मथुराही. पुढच्या सुट्टीला तिनं घाई केली नाही. त्या भाकऱ्या जमल्या. शेंगाचटणी कुटली, डबा भरला.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून झाल्यावर तिनं भाकरीचं पीठ काढलंच नाही. चहा केला, सगळ्यांचे पेले भरले, आपला पेला आणि एक भाकरी घेऊन उंबऱ्यावर बसली. मी दारातून पाहत होते. ती अशी बसली होती की जणू कुणी उठवायला येणारच आहे.

आलेच. कुंडलिक तोंड धुऊन आत गेला. "भाकरी कुटं हाय?"

"डब्यात हाय की. चटणी बी हाय, दही बी."

"गरम?"

"गरम च्या हाय."

तो टोपी घालून निघून गेला. उपाशीच. बजाबाईंनी तर तोंडच फिरवलं. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं, तोंडात दात चार. "मला म्हातारीला दगूड घालतीस व्हय? आन् घरच्यांच्या आदी बाई खात बसली, ही कुटली रीत?"

मथुरा उठायला लागली. अर्धी उठलीही. मग पुन्हा खाली बसली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मला माझ्या दारापर्यंत ऐकू आला.

"आत्या, मी भांडत न्हाय. तुमच्यासाटी दुधात भिजवून ठेवलीय, लोण्यावानी मऊ झालीया. पर मी आता खाऊन जाणार. मशिनवर पुन्यांदा पडले तर हात जाईल माजा. मग हितं भाकरी कोण थापंल?"

मथुरा भाकरी चहात बुडवून खात राहिली. रडत होती, पण खात होती.

दोन सकाळी घरात अबोला होता. तिसऱ्या सकाळी बजाबाई भिंतीला धरत धरत उंबऱ्यापाशी आल्या आणि सुनेच्या बाजूला टेकल्या. मी घागर घेऊन तिथंच उभी होते, मला त्यांनी जा म्हटलं नाही.

"पयल्या बाळाच्या वक्ताला," त्या म्हणाल्या, "मी आडावर पडले होते. सकाळधरनं पोटात कायबी नव्हतं. घरात धा मानसं, समद्यांची झाल्यावर उरंल ती माजी. त्या दिशी उरलीच नव्हती. बाळ गेलं. सासू म्हनली, पाय घसरला. नवरा म्हनला, पाय घसरला. मी बी तेच म्हनले. खाल्लं हुतंस का, म्हून कुनी इचारलं न्हाय."

मथुरानं पेला खाली ठेवला. मग तिनं आपल्याच भाकरीचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि सासूच्या हातावर ठेवला. बजाबाईंनी तो खाल्ला. "जरा मीट जास्त झालंय," म्हणाल्या.

त्यानंतर घरात कुंडलिकची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. दुसऱ्या, म्हणजे दुपारच्या पाळीच्या आठवड्यात तो उशिरापर्यंत लोळत पडायचा. आईनं त्याला उठवलं. "हात हायत न्हवं तुला? घागरी भरून आन." नळावरची माणसं हसली. एकानं विचारलं, "कुंडलिकराव, लुगडं आनू का नेसायला?" त्यानं घागर अशी आदळली की तिला पोचा आला. पण भरून आणली. पुढंही आणत राहिला, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच, आणि रोज कुरकुर करत. गरम भाकरी त्याला रात्री मिळू लागली. तेव्हा मथुराला घाई नसायची, आणि ती भाकरी त्यालाही जास्त गोड लागायची, असं तो सावित्रम्माच्या नवऱ्याजवळ बोलल्याचं आम्हाला कळलं.

सारवण आठवड्यातून दोनदाच होऊ लागलं. लेकीची वेणी आदल्या संध्याकाळीच घट्ट घालून ठेवायची. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पावसाळ्यात भाकऱ्या सादळल्या आणि फेकाव्या लागल्या. पोराला गोवर आला तेव्हा पंधरवडाभर बसणं नाही की खाणं नाही. नणंदेच्या लग्नाला जेऊरची माणसं येऊन राहिली तेव्हा मथुरा पुन्हा फणी दातात धरून पळू लागली. पण पाहुणे गेले की दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर तिचा पेला दिसायचा. मोडलेलं पुन्हा मांडता येतं, एवढं तिला कळलं होतं.

आणि आम्ही कामाला बरोबर जाऊ लागलो. एकदा गिरणीच्या रस्त्यावर ती मध्येच थांबली. "वच्छला, हे लिंबाचं झाड कवापासनं हाय?"

"लई जुनं हाय की. गिरणीच्याही आदीचं म्हनत्यात."

"मला आजच दिसलं," ती म्हणाली आणि मोहोर आलेल्या कडुलिंबाच्या फांदीकडं मान वर करून पाहत राहिली. मला तिला चल म्हणवेना. भोंग्याला अजून अवकाश होता.

त्या दिवाळीनंतर बजाबाई जेऊरला धाकट्या लेकाकडं राहायला गेल्या. जाताना फडक्यात बांधून कडक भाकरीची चळत नेली. संक्रांतीला कुंडलिक गावी जाऊन आला आणि हसत सांगत होता, की आईनं तिकडं धाकट्या सुनेच्या मागं लकडा लावलाय. ती पोर चुलीपुढून वाढायला उठू लागली की म्हातारी तिचा पदर धरून खाली ओढते.

"बस गं," म्हणते, "आदी खा. मानसं काय पळून जात न्हाईत."